चांगल्या सेटरला सुपरवायझर करावे का? पदांची उतरंड, पगार आणि कामाची उमेद

यंत्रशाळा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळतो. पदरचना, पगार आणि बढती यांच्या परस्परसंबंधाचा एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. येथे कामगार संघटनेत, सरकारी सेवेत आणि अध्यापनात आयुष्य घालवलेली मंडळी असल्याने तो थोडा विस्ताराने मांडतो.

आमच्याकडे एकाच छपराखाली दोन उतरंडी आहेत. पहिली कायम कामगारांची, म्हणजे यंत्र चालवणारे ऑपरेटर, कामासाठी यंत्राची जुळणी करणारे सेटर आणि वरिष्ठ सेटर यांची. त्यांचा पगार दर तीन वर्षांनी होणाऱ्या वेतन करारातून ठरतो. दुसरी स्टाफची, म्हणजे सुपरवायझर, इंजिनिअर, असिस्टंट मॅनेजर आणि त्यापुढची. त्यांची पगारवाढ वार्षिक मूल्यमापनावर अवलंबून असते. या दोन्हींच्या खाली ट्रेनी आणि ठेका कामगार आहेत, पण कागदावरच्या उतरंडीत त्यांना स्थानच नाही.

आमच्या सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्रांच्या) लाइनवर एक वरिष्ठ सेटर आहे. बोअरचा (भागातल्या छिद्राचा) व्यास वरच्या मर्यादेकडे सरकू लागला, तर मोजमापाच्या तक्त्यात ते उमटण्याआधीच यंत्राच्या बदललेल्या आवाजावरून त्याला इन्सर्ट (धातू कापणारे टोक) झिजल्याचे कळते. तो यंत्र थांबवतो, इन्सर्ट बदलतो, ऑफसेट (हत्याराच्या स्थानाचे माप) दुरुस्त करतो आणि पहिला नग गेजवर स्वतः तपासल्याशिवाय यंत्र पुन्हा सोडत नाही. त्याच्या पाळीत रिजेक्शन (बाद होणारे नग) सर्वांत कमी असते. व्यवस्थापनाने त्याला सुपरवायझरपदाचे पत्र दिले आणि त्याने ते अत्यंत नम्रपणे परत केले. त्याच्या आधी दुसऱ्या एका सेटरने असेच पत्र स्वीकारले होते. तो आज हजेरी, पाळीचा अहवाल आणि साहित्याच्या मागण्या यांत बुडालेला असतो, त्याच्या जुन्या यंत्रावरचे रिजेक्शन वाढले आहे आणि तो स्वतःही समाधानी नाही.

पुढील करारापूर्वी श्रेणी आणि बढतीचे नवे धोरण सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. उत्तम काम करणाऱ्याला अधिक पगार देण्याचा आमच्याकडे बढती हाच एक मार्ग असल्यामुळे आम्ही एक चांगला कारागीर गमावतो आणि बहुधा एक नाखूष सुपरवायझर मिळवतो. ही गाठ सोडवायची कशी? पगार पदापासून वेगळा केला, तर बढतीची ओढ संपेल का? आणि जे दुसऱ्यांना बढती मिळताना पाहत तिथेच राहतात, त्यांच्या उमेदीचे काय?

जुना प्रतिनिधी

आपल्या सेटरने बढती नाकारली यात नवल काहीच नाही. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात संघटनेचे काम करताना अशी परत आलेली पत्रे मी अनेकदा पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी व्यवस्थापनाला वाटले की माणसाला महत्त्वाकांक्षा नाही. माणसाला महत्त्वाकांक्षा असते आणि हिशेबही येतो.

तो हिशेब आधी मांडू. समजा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्याला ३०,००० रुपये पडतात. २६ दिवस आणि ८ तासांच्या हिशेबाने ताशी दर साधारण १४४ रुपये होतो. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार जादा कामाला दुप्पट दर मिळत असे आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितेतही ते तत्त्व कायम आहे. म्हणजे ताशी २८८ रुपये. महिन्याला ३० तास ओटी (जादा काम) झाली, तर सुमारे ८,६५० रुपये हातात जास्त येतात. सुपरवायझर झाल्यावर तो पाळी संपल्यावरही तितकाच वेळ थांबतो, किंबहुना जास्तच थांबतो, पण ते तास कोठेही नोंदले जात नाहीत. पदोन्नतीच्या पत्रातली वाढ या रकमेहून कमी असेल, तर त्याला आपण बढती म्हणतो आणि त्याच्या घरात तिला पगारकपात म्हणतात.

दुसरी बाब कायद्याची आहे आणि ती पैशांहून मोठी आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील कामगाराच्या व्याख्येतून पर्यवेक्षकीय काम करणारा आणि ठरावीक मर्यादेहून अधिक वेतन घेणारा माणूस वगळलेला होता. ही मर्यादा कित्येक वर्षे १,६०० रुपये होती, २०१० मध्ये ती १०,००० रुपये झाली आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये १८,००० रुपये करण्यात आली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. परंतु आपल्या भागातल्या कायम सुपरवायझरचा पगार या मर्यादेच्या वरच असल्याने मर्यादा वाढूनही भिंत होती तिथेच राहिली. पदनाम काय आहे यापेक्षा माणसाचे मुख्य काम काय आहे हे न्यायालये पाहतात हे खरे, पण ते सिद्ध करायला वर्षानुवर्षे तारखा घालाव्या लागतात. म्हणजे त्या एका सहीबरोबर करारातील वाढ जाते, संघटनेचे छत्र जाते आणि नोकरी गेली तर दाद मागण्याची सोपी वाटही जाते. वर कंपनीतले खरे अधिकारी त्याला आपल्यातला मानत नाहीत. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्याची गत होते.

हेही स्पष्ट सांगतो की काही ठिकाणी संघटनेतल्या बोलक्या माणसांना मुद्दाम नावापुरते सुपरवायझर करून कराराबाहेर काढले जाते. त्यामुळे आपला हेतू शुद्ध असला, तरी बढतीच्या पत्राकडे कामगार संशयाने पाहणारच.

माझे मत असे की ज्याची ताकद यंत्रावर आहे, त्याला कराराच्या आतच वर जाऊ द्यावे. वरिष्ठ सेटरच्या वर आणखी दोन श्रेणी निर्माण करा, त्यांचे वेतन सुपरवायझरच्या सुरुवातीच्या वेतनाइतके किंवा थोडे अधिक असू द्या आणि त्यांना नव्या मुलांना घडवण्याचे काम द्या. हे करारात लिहून घ्या. व्यवस्थापनाच्या परिपत्रकावर माझा विश्वास नाही, कारण साहेब बदलला की परिपत्रकही बदलते.

टेबल क्रमांक सात

मी राज्य शासनाच्या जिल्हा पातळीवरील कार्यालयात नोकरी केली आहे. पगार पदापासून वेगळा करण्याचा जो विचार आपण मांडता, तो प्रयोग आमच्याकडे तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याचे फायदे आणि मर्यादा दोन्ही जवळून पाहिल्यामुळे लिहितो.

सरकारी उतरंडीत वर जागा थोड्या आणि खाली माणसे फार. वरचा निवृत्त होईपर्यंत खालचा हलत नाही. पूर्वी लिपिक म्हणून लागलेला माणूस त्याच वेतनश्रेणीच्या शेवटच्या टप्प्यावर येऊन वर्षानुवर्षे कुंठित होत असे. यावर उपाय म्हणून राज्यात १ ऑक्टोबर १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती योजना आली आणि १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ पदाची वेतनश्रेणी मिळू लागली. पुढे तिचे रूपांतर सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेत झाले, १२ आणि २४ वर्षांचे दोन लाभ आले आणि सातव्या वेतन आयोगानंतर १०, २० आणि ३० वर्षांचे तीन लाभ आले. रिक्त पद नाही एवढ्याच कारणासाठी कोणाचे वेतन अडून राहू नये, हा त्यामागचा विचार मला आजही अत्यंत न्याय्य वाटतो. या योजनेमुळे हजारो घरांत मुलांची शिक्षणे झाली.

आता मर्यादा. पहिली अशी की लाभाची रक्कम लहान असते. लिपिकाचा वेतनस्तर एस-६, सुरुवात १९,९०० रुपये. वरिष्ठ लिपिकाचा एस-८, सुरुवात २५,५०० रुपये. ही दोन सुरुवातीची वेतने शेजारी ठेवली की वाटते, बढतीत मोठी उडी आहे. प्रत्यक्षात दहाव्या टप्प्यावर २६,००० रुपये मूळ वेतन घेणाऱ्या लिपिकाला आधी एक वेतनवाढ धरून २६,८०० रुपये आणि मग एस-८ मधील त्याच्या लगतचा वरचा टप्पा, म्हणजे २७,१०० रुपये मिळतात. मूळ वेतनात वाढ ११०० रुपये. त्यातही आश्वासित प्रगतीत हा लाभ आधीच मिळाला असेल, तर पुढे खरी पदोन्नती झाल्यावर वेतननिश्चितीचा दुसरा लाभ मिळत नाही. मग माणूस विचार करतो की पगार तोच, जबाबदारी दुप्पट आणि बदली वेगळ्या तालुक्यात. कित्येक जण पदोन्नती नाकारतात. नियमित पदोन्नती नाकारली तर आश्वासित प्रगतीचा लाभही मिळत नाही, असा नियम त्यासाठीच करावा लागला.

दुसरी मर्यादा मला अधिक महत्त्वाची वाटते. वेतन वाढते पण टेबल तेच, काम तेच, साहेब तेच. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाच्या टिपणीवर कालच परीक्षा देऊन आलेला अधिकारी न वाचता शेरा मारतो, तेव्हा त्याला आश्वासित प्रगती आठवत नाही. म्हणून आपण नव्या श्रेण्या निर्माण केल्यात, तर प्रत्येक श्रेणीबरोबर कामाच्या स्वरूपातही काही तरी बदलले पाहिजे, मग तो निर्णयाचा अधिकार असो, शिकवण्याची जबाबदारी असो किंवा नव्या यंत्राच्या खरेदीत मत विचारले जाणे असो.

तिसरे, मूल्यमापन. आमच्याकडे गोपनीय अहवालाची पद्धत अशी होती की प्रतिकूल शेरा असेल तरच तो कळवायचा. त्यामुळे साधा 'चांगला' असा शेरा मिळालेल्या माणसाला तो शेराच पदोन्नतीच्या आड आल्याचे कधी कळत नसे. देव दत्त यांच्या खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक नोंद, ती चांगली असो वा वाईट, संबंधित कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. आपल्या धोरणात हे पहिल्या दिवसापासून असू द्या. आपल्याला कशावर जोखले, हे माहीत नसलेल्या माणसाने उमेद कशाच्या आधारे धरायची?

पाळीप्रमुख

मी स्वतः असेंब्ली विभागात सुपरवायझर आहे, म्हणून ज्या पदाबद्दल आपण सर्व बोलत आहात त्या पदावरून लिहिते. वर पगाराचा हिशेब अचूक मांडला गेला आहे आणि तो बदलणे आवश्यकच आहे. तरीही सुपरवायझर नाखूष का असतो, याचे अर्धेच उत्तर त्यात आहे असे मला वाटते.

मी रुजू झाले तेव्हा माझ्या हाताखाली बावीस माणसे होती. त्यांच्यापैकी कोणाला अर्ध्या दिवसाची रजा हवी असली, तर मला इंजिनिअरला फोन करावा लागे आणि दुसऱ्या पाळीत तो फोन बहुधा उचलला जात नसे. टॉर्क रेंच बिघडला तर बदली रेंचच्या मागणीवर माझ्यासह तिघांच्या सह्या लागत. चुकीचा भाग लाइनवर आलेला डोळ्यांनी दिसत असला, तरी लाइन थांबवण्याचा अधिकार मला नव्हता. मात्र सकाळच्या बैठकीत रात्री किती नग कमी झाले याचे उत्तर मलाच द्यावे लागे. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार शून्य, ही अवस्था माणसाला फार लवकर थकवते. काही काळाने माणूस वरून आलेला निरोप खाली पोचवण्यापुरता उरतो आणि हे हाताखालच्या लोकांना त्याच्या आधी कळलेले असते.

पुढे आमच्याकडे नवे प्रकल्पप्रमुख आले आणि त्यांनी तीन गोष्टी लेखी दिल्या. दर्जाच्या कारणासाठी लाइन थांबवण्याचा निर्णय सुपरवायझरचा. एक दिवसापर्यंतची रजा सुपरवायझर मंजूर करणार. कोणाला कोणत्या यंत्राचे प्रशिक्षण द्यायचे, याची शिफारस सुपरवायझरच करणार. त्या वर्षी पगारात वेगळे काही मिळाले नाही, पण मी नोकरी सोडण्याचा विचार सोडला. अधिकार दिले म्हणजे पगाराचे पाहायला नको, असा अर्थ यातून कोणीही काढू नये, कारण तो अर्थ काढायला व्यवस्थापने नेहमीच उत्सुक असतात.

आणखी एक गोष्ट. कौशल्यावर आधारित श्रेण्या कराव्यात हे मला मान्य आहे, पण कौशल्य मिळवण्याची संधी कोणाला मिळते, तेही पाहा. आपल्या लाइनवर कौशल्य तक्ता लावलेला असेलच, प्रत्येकाच्या नावापुढे चार भागांचे वर्तुळ आणि जितके येते तितके भाग काळे केलेले. तो तक्ता एकदा नीट वाचा. मुलींची वर्तुळे तपासणी, पॅकिंग आणि हलकी असेंब्ली या रकान्यांत भरलेली दिसतील आणि सेटिंगच्या रकान्यात रिकामी दिसतील. त्या शिकू शकत नाहीत म्हणून हे घडलेले नाही. सेटिंग शिकायला पाळी संपल्यावर थांबावे लागते, शिकवणारा सेटर आपल्या ओळखीच्या मुलाला हाक मारतो आणि बसची वेळ झालेली असते. मग पाच वर्षांनी श्रेणीवाढीची चाचणी निष्पक्षपणे घेतली तरी निकाल आधीच ठरलेला असतो. उतरंडीत वर कोण जाणार, हे पुष्कळदा तळाच्या पायरीवर कोणाला कोणते काम वाटून दिले यावर ठरते. तेव्हा प्रशिक्षण पाळीच्या वेळेत ठेवा आणि त्याची यादी फलकावर लावा.

अर्थविचार

वरील तिन्ही प्रतिसाद इतके मोलाचे आहेत की मी फक्त संशोधनातून जे हाती आले आहे ते त्यांच्याशी जोडण्याचा प्रयत्न करतो.

उतरंडीत वरच्या पदाला एवढा जास्त पगार का असतो, याचे एक प्रसिद्ध स्पष्टीकरण एडवर्ड लेझिअर आणि शेर्विन रोझेन या अर्थतज्ज्ञांनी १९८१ मध्ये मांडले. त्यांच्या मते वरच्या पदाचा पगार हा त्या पदावरील माणसाच्या कामाचे मोल असण्यापेक्षा खालच्या सर्वांसाठी लावलेले बक्षीस असतो. ते मिळवण्यासाठी सगळे झटतात आणि त्यांच्या झटण्यातून संस्थेचा फायदा होतो. ही मांडणी तर्कशुद्ध आहे, पण ती ज्या गृहीतांवर उभी आहे ती कारखान्यात टिकतात का, हे पाहावे लागते. बक्षीस एकालाच मिळणार असेल, तर सहकाऱ्याला शिकवण्यात माझे नुकसान आहे. आपल्या सेटरने आपले कसब कोणाला शिकवावे, अशी आपली अपेक्षा असेल, तर त्याच्यासमोर अशी स्पर्धा ठेवणे घातक ठरेल.

आपण ज्याला गाठ म्हटले आहे, तिचेही मोजमाप झाले आहे. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी अमेरिकेतील विक्री विभागांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये दाखवले की उत्तम विक्री करणाऱ्याला व्यवस्थापक होण्याची संधी अधिक मिळते आणि सर्वाधिक विक्री करणारेच व्यवस्थापक म्हणून तुलनेने कमी पडतात. त्याच वेळी, दुसऱ्यांबरोबर मिळून काम करण्याचा अनुभव असलेले लोक चांगले व्यवस्थापक ठरले. म्हणजे सुपरवायझर निवडताना सर्वांत कमी रिजेक्शन कोणाचे हे पाहण्यापेक्षा, नवा मुलगा अडला की कोणाकडे जातो, हे पाहिलेले बरे.

पगारातील फरकाने इतरांच्या उमेदीवर काय परिणाम होतो, या आपल्या शेवटच्या प्रश्नावर आपल्याच देशात एक सुंदर प्रयोग झाला आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी ओडिशामध्ये हस्तोद्योगातील कामगारांचे छोटे गट केले. काही गटांत सर्वांना समान रोज दिला आणि काही गटांत आधीच्या उत्पादकतेनुसार थोडा थोडा वेगळा. स्वतःचा रोज तेवढाच असूनही, सहकाऱ्याला अधिक मिळते हे कळल्यावर कामगारांचे उत्पादन घटले आणि हजेरी सुमारे १८ टक्केबिंदूंनी घसरली. मिळणारा पैसा सोडून माणसे घरी बसली. पण ज्या कामांत सहकारी खरोखरच जास्त माल काढतो हे डोळ्यांनी स्पष्ट दिसत होते, तेथे पगारातील फरकाचा असा काही परिणाम दिसला नाही. या एका निष्कर्षासाठी मी हा प्रयोग विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवतो. फरक का आहे हे दिसत नसले, की माणसाला त्यात अपमान दिसू लागतो. आपल्याकडच्या भाषेत, तिथे लगेच वशिल्याचा वास येतो.

याच्याशी जुळणारे दुसरे काम सिएरा लिओनमधील आरोग्यसेविकांवर आणि आरोग्यसेवकांवर झाले आहे. तेथे बढती गुणवत्तेवर मिळेल असा विश्वास निर्माण केला, तेव्हा वरच्या पदाचा पगार भरपूर आहे असे समजलेल्यांनी काम वाढवले. पण बढती ओळखीने मिळते असे जिथे वाटत होते, तिथे वरच्या पदाचा पगार मोठा असल्याचे कळल्यावर काम उलट कमी झाले. म्हणून आधी निवडीचे निकष दुरुस्त करावेत आणि मगच पदांमधील पगाराचे अंतर वाढवावे, असा क्रम मी सुचवेन. उलट क्रमाने गेल्यास पैसा खर्चून नाराजी विकत घेतल्यासारखे होईल.

सरकारी सेवेसंदर्भात मारिआन बर्ट्रांड, रॉबिन बर्जेस आणि सहकाऱ्यांनी भारतीय प्रशासकीय सेवेचा अभ्यास केला आहे. तेथे पदोन्नतीचा वेग सेवाज्येष्ठतेने जवळपास ठरलेला आणि निवृत्ती साठाव्या वर्षी. त्यामुळे जे उशिरा, मोठ्या वयात सेवेत येतात त्यांना सर्वोच्च पदे गाठण्याइतका काळच उरत नाही. अशा अधिकाऱ्यांचे काम कमी परिणामकारक असल्याचे त्यांच्या संपर्कातील लोकांनी नोंदवले. माणूस तोच, परीक्षा तीच; पण पुढची वाट बंद आहे हे आधीच कळले की उमेद ओसरते. आपल्याकडे पंचेचाळिशीतला आयटीआय झालेला सेटर नेमक्या याच जागी उभा असतो.

पाळीप्रमुखांनी अधिकारांबद्दल जे लिहिले, त्याला आरोग्याचीही बाजू आहे. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा १९६७ पासून झालेला अभ्यास मायकेल मार्मट यांच्या नावाने ओळखला जातो. सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयरोगाने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी गोष्टी हिशेबात घेऊनही हा फरक पूर्ण उलगडला नाही. नंतरच्या अभ्यासात स्वतःच्या कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे हे एक महत्त्वाचे कारण म्हणून पुढे आले.

यंत्रशाळा

सर्वांचे मनापासून आभार. अपेक्षा केली होती त्याहून कितीतरी अधिक मिळाले.

आता माझ्या डोक्यात जी रचना तयार होते आहे ती अशी. वरिष्ठ सेटरच्या वर कराराच्या आतच दोन तांत्रिक श्रेणी असतील आणि त्यांतील वरच्या श्रेणीचे वेतन सुपरवायझरच्या सुरुवातीच्या वेतनाहून कमी नसेल. या श्रेणीतील माणसाला नवे यंत्र स्वीकारण्यापूर्वीच्या चाचणीत सही करण्याचा अधिकार असेल आणि वर्षाला ठरावीक नवे सेटर तयार करणे हे त्याचे काम मानले जाईल. कौशल्य तक्ता वेतनाशी जोडला जाईल, चाचणीचे निकष लाइनवर मराठीत लावले जातील आणि प्रत्येकाला आपला निकाल कारणांसह लेखी मिळेल. सुपरवायझरसाठी अर्ज मागवले जातील, कोणालाही परस्पर पत्र दिले जाणार नाही आणि सहा महिन्यांत स्वतःच्या जुन्या श्रेणीत सेवाज्येष्ठतेसह परत येण्याची मुभा असेल. सुपरवायझरच्या रजा, दर्जा आणि प्रशिक्षण यांविषयीच्या अधिकारांचे पत्र मी स्वतंत्रपणे देणार आहे, कारण त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याची मला गरज नाही.

ठेका कामगारांबाबत मात्र मी अडलो आहे. आमच्या लाइनवर त्यांची संख्या कायम कामगारांपेक्षा कमी नाही आणि काही जण तर सेटिंगही करतात.

जुना प्रतिनिधी

परतीची मुभा आपण लिहिलीत, ही या साऱ्यातली सर्वांत चांगली कलमबंदी आहे. पण सहा महिने कमी आहेत. वर्षअखेरीचे मूल्यमापन आणि एक दिवाळी पाहिल्याशिवाय माणसाला स्टाफमध्ये आपली काय किंमत आहे हे कळत नाही. एक वर्ष ठेवा.

ठेका कामगारांचा प्रश्न आपण शेवटी विचारलात, पण खरे तर तो तळाचा आहे. देशभरातील संघटित कारखान्यांत आज दर पाच कामगारांमागे सुमारे दोन ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत. ज्याला कायम होण्याची वाटच नाही, त्याच्यापुढे तुमच्या सुंदर श्रेणींचा तक्ता लावून उपयोग नाही. कायद्याने मुख्य उत्पादनाच्या कामात ठेका कामगार लावण्यावर बंधने आहेत, ती आपले कायदा विभागातील लोक आपल्याला सांगतीलच, पण सध्या एवढे तरी करा. कौशल्य तक्त्यात त्यांची नावे घ्या. सेटिंग करणाऱ्या ठेका कामगाराला सेटरचा दर मिळेल, अशी अट ठेकेदाराच्या करारात घाला. आणि कायम जागा निघाली की बाहेरून भरती करण्यापूर्वी या तक्त्यातील पात्र माणसांची चाचणी घ्या. कायम कामगारांची संघटना याला आधी कुरकुर करील. ती मी ओळखून आहे. तेव्हा प्रस्ताव संघटनेपुढे नेण्याआधी लाइनवरच्या वरिष्ठ सेटरशी बोला, कारण या मुलांना शिकवले त्यानेच आहे आणि सभेत त्याचा शब्द कोणी डावलणार नाही.

एक राहिलेच. चाचणी समितीवर कोण बसणार, हे आपण लिहिलेले नाही. वाटाघाटीत पहिला प्रश्न तोच येईल.